मानेवरचा जास्तीचा पट्टा

हुईचेनचं आख्खं गाव जेडच्या हिरव्या दगडात जनावरं कोरून पोट भरायचं. तीही दगड घासायच्या चाकावर बसून बसून बोटं झिजवलेली बाई. वाघाला पट्टे किती काढायचे, हे तिला शिकवायची गरज नव्हती. पण या वाघाला तिनं मानेवर एक पट्टा जास्तीचा काढला होता. त्याच्याखाली केसाएवढी चीर होती. गिऱ्हाइकाच्या मालात असं सगळेच झाकतात, त्यात काही नाही. हा वाघ मात्र नवऱ्यासाठी, तुंगशानसाठी, ताईत म्हणून होता.

तुंगशानचा जन्म वाघाच्या सालातला, आणि बारा वर्षांनी ते साल फिरून आलं होतं. स्वतःच्या जनावराचं साल माणसाला जड जातं, त्यात हा गडी कोळशाच्या खाणीत उतरणारा. त्याची सुट्टी संपलेली, दुसरा दगड आणायला सवड नव्हती. तिनं वाघ लाल दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधला आणि चिरेचं नावसुद्धा काढलं नाही.

"मानेवरचा पट्टा काय झोकात काढलाय गं!" सासू म्हणाली.

"आता घरात दोन वाघ," तुंगशाननं छाती फुगवली. "एक दगडाचा, एक बायकोला भिणारा!"

पुढच्या महिन्यात, सासू-सुना जेवायला बसल्या होत्या, तेव्हा खाणीवरून त्याचा फोन आला.

"आई, वाघ फुटला! नुसता वाकलो, तर मुंडकं तुटून पडलं."

"फुटला? बरं झालं!" म्हातारीचा चेहरा फुलला. "तुझ्यावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. सुटलास रे बाबा!" ती लगेच उदबत्ती पेटवायला उठली.

हुईचेननं फोन ओढून घेतला. "कुठं आपटला होता का?"

"कुठंच नाही. अगं, खाली खाणीचं छत करकरतंय म्हणून सगळे कां-कूं करतायत. म्हटलं, मी जातो पुढं. माझं संकट तर टळलं!"

"अहो, जाऊ नका! ऐका, तो आधीच चिरलेला..."

पलीकडे पाळीचा भोंगा वाजला आणि फोन कटला. तिनं पुन्हा लावला. बंद. उतरताना फोन वरच ठेवून जातात सगळे.

"काय गं? तोंड का पाडलंस?"

"आई, त्या पट्ट्याखाली चीर होती. मीच झाकली. वाघानं काही अंगावर घेतलं नाही. तो आपल्या मरणानं मेला."

म्हातारीच्या हातातली उदबत्ती तशीच जळत राहिली.

"फोन लाव," ती म्हणाली. "परत लाव."

हुईचेन लावतच होती.