अर्धवट राहिलेली धार

गाईचा एक सड कायमचा गेला. आता सांगून झालंय, तर विसरून जा. गाय ठणठणीत आहे, चारही सडांतून दूध येतंय आणि धाकटा दीर गोठ्यात शहाण्यासारखा वागतोय, असं धरून चालू.

थोरला भाऊ ट्रक घेऊन लांब गेलेला. त्यात वहिनी बहिणीच्या बाळंतपणाला निघाली, आणि गाय धाकट्याच्या हवाली झाली. निघताना वहिनीनं उंबऱ्यातच सगळं पढवलं. कास कोमट पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची, शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची. आणि धार संपली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची. सडांची तोंडं तेव्हा उघडी असतात; गाय खात उभी राहिली पाहिजे, शेणात बसता कामा नये. धाकट्यानं मान डोलवली. मान डोलवण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

गाईनं मात्र ओळखच दाखवली नाही. त्यानं कास धुतली, पुसली, गोडीगुलाबीनं बोलला, एक गाणंही म्हणून पाहिलं. नको असलेला पाहुणा आल्यासारखी ती भिंतीकडे बघत राहिली. शेवटी धाकट्यानं वहिनीचा फुलाफुलांचा गाऊन अंगात चढवला, तिचाच रुमाल डोक्याला बांधला आणि बादली घेऊन खाली बसला. गाईनं त्याला हुंगलं, एक लांब श्वास टाकला आणि पान्हा सोडला. बादली वाजू लागली. आपण इतकी वर्षं पँटमध्ये उगाच घालवली, असं धाकट्याला वाटून गेलं.

मंगळवारी सकाळी धार निम्मी झाली असेल, तोच कुंपणाशी गिरणीवाला खोकला. त्याच्या गिरणीत पिठापेक्षा बातम्या बारीक दळल्या जायच्या. धाकटा बादलीसकट मागच्या बाजूनं पसार झाला आणि पेंढ्यांच्या गंजीत घुसला. गिरणीवाला गोठ्यात डोकावला, गाईशी पावसापाण्याचं बोलला आणि तिथंच ऐसपैस बसला. तो उठेपर्यंत ऊन चढलं. कास तटतटलेली, पुढ्यात वैरणीची काडी नाही, आणि गाय ओल्या शेणात बसलेली. राहिलेलं संध्याकाळी काढू, असं म्हणून धाकट्यानं गाऊन घडी करून ठेवला. संध्याकाळी तो घालायची त्याला लाज वाटली. पँटमधल्या माणसाला गाईनं चार थेंब दिले.

मग मागचा उजवा सड तापला, दगडासारखा झाला. हात लावला की लाथ. दुधात गाठी यायला लागल्या, तेव्हा कुठं त्यानं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. कास दाबून बघत डॉक्टरनं विचारलं, दूध आत राहिलं होतं का कधी? धाकटा नाही म्हणाला. डॉक्टरनं सुई टोचली, औषध दिलं, आणि उशीर झालाय, एवढंच बोलला.

वहिनी परतली तोवर तो सड आटला होता. पिशवीही खाली न ठेवता ती गाईजवळ बसली. त्यानंतर जो येईल त्याला ती एकच सांगायची, की चूक तिचीच. आपल्या एकटीच्या हाताची सवय लावली आणि मुक्या जिवाला टाकून गेली. गिरणीवाल्यानं तर तिची बराच वेळ समजूत घातली. धाकटा तिथंच उभा होता.

शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं, गाऊनसकट. निदान हसेल, नाहीतर झाडू तरी फेकून मारेल, अशी त्याची आशा होती. वहिनीनं दोन्हींतलं काही केलं नाही.

"म्हणजे तिला वाटलं, मी आले."

"हो."

"आणि मीच तिला अर्धवट सोडून पळाले."

एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

आता गोठ्याची जमीन धाकटा इतकी कोरडी ठेवतो, की तिथं माणसानं जेवावं. धार वहिनीच काढते. ती आत गेली की तो गाईसमोर हात जोडून उभा राहतो आणि हळू आवाजात आपलं म्हणणं मांडतो. ते असं: सबब, अर्जदाराची नम्र विनंती, की मंगळवारची सकाळची धार रद्द समजण्यात यावी, आणि ती पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत पुन्हा काढण्याची परवानगी अर्जदारास एकवार देण्यात यावी.