पाळी गेल्यानंतरच्या गोळ्या

ताईने जन्मात सिगारेट ओढली नाही, भाऊजींचा धूर मात्र फुकटात घेतला. फुप्फुसाचा कॅन्सर झाला तो तिलाच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी गेली? नंतर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या?"

ताईने तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे भाऊजी बोलले. तिची भूक, झोप, कंबरदुखी, सगळं डॉक्टरांना तेच सांगतात. "छे, कसल्याच गोळ्या नाहीत. आणि खोकल्याचा नि पाळीचा काय संबंध, बाई?"

"असू शकतो. बायकांच्या हार्मोनमुळे फुप्फुसातल्या काही गाठींना वाढायला बळ मिळतं, असं दिसतंय. पुरुषांमध्येही हार्मोनचा परिणाम होतो, पण वेगळा. पक्कं अजून कळलेलं नाही, म्हणून तर विचारते."

मी ताईच्या शेजारीच बसले होते. तिच्या शिलाई मशीनच्या खणात त्या गोळ्या मी स्वतः पाहिल्या होत्या. अंगाची आग होते म्हणून घ्यायची. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, गोळ्या तुम्हीच आणून देता ना?"

"अगं, घरातली गोष्ट ती! चारचौघांत काय सांगायची?"

"आणि माझं फुप्फुस काय शेजाऱ्यांचं आहे?" ताई कडाडली. "घेते मी गोळ्या, डॉक्टर. आज सकाळीही घेतली. अहो, तुम्ही बाहेर बसा. आणि ते सिगारेटचं पाकीट इथे ठेवून जा."

भाऊजींनी मुकाट्याने पाकीट टेबलावर ठेवलं. दार लागलं, तशी ताईने खुर्ची पुढे ओढली.

"हं, विचारा," ती म्हणाली.