रंगवलेला डोळा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही चौकात एका पायावर उभे आहात. तुमच्या पायाशी तुमचं आवडतं माणूस आडवं पडलं आहे. तुम्हाला हलता येत नाही, आणि त्याच्या मदतीला येणारी गाडीही तुम्हीच अडवून धरली आहे.

आता डोळे उघडा. मी एक जुना सिग्नल आहे, आणि तुम्हाला माझी चूक सांगणार आहे.

माझे तीन दिवे तुम्हाला ठाऊक आहेत. चौथी वस्तू खालून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या माथ्यावर लिंबाएवढा काळा डोळा आहे. रुग्णवाहिकेच्या टपावरचा दिवा एका ठरावीक लयीत लुकलुकतो. तो दुरून दिसला, की मी तिच्या बाजूला हिरवा होतो आणि बाकीच्यांना थांबवतो. एकोणीस वर्षं मी हे काम केलं. लोकांना वाटायचं, नशिबाने रस्ता मोकळा मिळाला.

माझ्या पायाशी एक आजोबा बसत. ते छत्र्या आणि पिशव्यांच्या चेनी दुरुस्त करत. त्यांची नात शाळेतून थेट तिथेच येई आणि त्यांच्या कामात चुका काढी, म्हणून ते तिला 'साहेब' म्हणत.

"आजोबा, हा टाका वाकडा आहे."

"गिऱ्हाईकही वाकडंच आहे, साहेब. चालेल त्याला."

एके दिवशी एक रंगारी शिडी घेऊन आले. त्यांनी मला छान राखाडी रंग दिला. डोळ्यापाशी आल्यावर त्यांचा ब्रश थांबला.

"काका, ते काळं तेवढं का ठेवलं?" नात खालून म्हणाली. "तोंडाला काजळी लागल्यासारखं दिसतंय."

"बरं, साहेबांचा हुकूम," रंगारी हसून म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यावरूनही ब्रश फिरवला. आता रुग्णवाहिकेचा दिवा मला दिसणार नव्हता.

तो डोळा आहे, हे मुलीला माहीत नव्हतं. रंगाऱ्यांनाही नव्हतं. मला मात्र माहीत होतं. डोळा बंद पडला तर पिवळा दिवा लुकलुकवत ठेवायचा, म्हणजे दुरुस्तीवाल्या ताई येतात, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण तसं केलं की चौकात गोंधळ होतो आणि लोक मला नावं ठेवतात. आणि त्या दिवशी तर येणारे-जाणारे म्हणत होते, "वा, नवा सिग्नल बसवला वाटतं." एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, महिनाअखेरीस ताई तपासणीला येतीलच. तोवर काय बिघडतंय?

चौथ्या दिवशी दुपारी आजोबांच्या हातातून पक्कड गळून पडली. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते कलंडले. नात समोरच्या औषधांच्या दुकानात धावली. दुकानदाराने फोन लावला.

थोड्याच वेळात भोंगा ऐकू आला. पण मी भोंग्यावर चालत नाही, डोळ्यावर चालतो. मी लाल होतो. समोर गाड्यांची लांब रांग होती आणि रुग्णवाहिका तिच्या शेपटाला अडकली होती.

"अहो, सरका की पुढे."

"लाल दिसत नाही का? उडून जाऊ?"

मी हिरवा झालो, अर्धी रांग गेली, आणि मी पुन्हा लाल झालो. नात आजोबांचा हात धरून माझ्याकडे बघत होती. "हो ना रे हिरवा," ती हळूच म्हणाली. मी माझे सेकंद मोजत राहिलो. चार मिनिटं गेली.

आजोबा वाचले. पण त्यांच्या उजव्या हातातली शक्ती गेली. त्यांची सून औषधं घ्यायला आली, तेव्हा सांगत होती, की पक्षाघातात मिनिटामिनिटाने फरक पडतो. चार मिनिटं आधी गाडी पोचली असती तर हात वाचला असता का, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. म्हणून मी रोज स्वतःला तेच विचारतो.

ताईंनी येऊन रंग खरवडला. "डोळ्यालाच रंग? कुणाचं हे डोकं?"

"माझंच," त्यांची शिडी धरून उभे असलेले रंगारी खाली मान घालून म्हणाले. नात शेजारीच उभी होती. ती आणि मी, दोघंही गप्प राहिलो.

मित्रांनो, मागून भोंगा ऐकू आला, की गाडी कडेला घ्यायला घरच्यांना सांगा. माझा डोळा चुकला, तर तुमचे कान कामी येतील. आणि आपलं काही बिघडलं असेल तर त्याच दिवशी सांगून टाका. लोक हसतील, रागावतील, तरी सांगा. मी सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी आजोबा पुन्हा माझ्या पायाशी येऊन बसले. डाव्या हाताने एका पिशवीची चेन बसवू लागले. ती दर वेळी निसटत होती. नात त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, सिग्नलचा डोळा मी रंगवायला सांगितला होता. काकांची चूक नाही. मी सांगितलं होतं."

आजोबांनी निसटलेली चेन पुन्हा उचलली. तेवढ्यात मी एकदा लाल होऊन पुन्हा हिरवा झालो.

"साहेब," ते अडखळत म्हणाले, "चेनीला दोन हात लागतात. माझा एकच चालतो."

तिने दप्तर खाली ठेवलं, त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि चेन दोन्ही हातांनी घट्ट ताणून धरली.