राखून ठेवलेला प्रश्न

गटनेत्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आज तुमच्या प्रश्नावर त्यांना धरायचं."

आमदारबाई चपलांतून पाय काढून टाचा फरशीवर टेकवून बसल्या होत्या. फरशी गार होती. साथ आल्यापासून त्यांना सलग झोप अशी नव्हतीच. फोन उचलला की पलीकडून आधी रडणं यायचं, नाहीतर खोकला, नाव-गाव मागाहून. कोणाला खाट हवी, कोणाला ऑक्सिजन. त्यातलं थोडं मिळायचं, बरंच मिळायचं नाही, आणि न मिळालेल्यांचे फोन मग येणं बंद व्हायचं. ते बंद होणं त्यांना जास्त ऐकू यायचं.

"कोणाला धरायचं?" त्यांनी विचारलं.

"आरोग्यमंत्र्यांना, आणखी कोणाला? तुमचा प्रश्न काय आहे? साथीच्या वॉर्डात शेवटच्या घटकेलाही घरच्यांना सोडत नाहीत. बरोबर? आणि यांची स्वतःची आई गेली, त्या दुपारी हे अंगभर तो पांढरा सूट चढवून वॉर्डाकडे जाताना आपल्या एका माणसाने पाहिलेत. लोकांना एक नियम, साहेबांना दुसरा. तुम्ही एवढंच म्हणायचं. पुढचं ओरडायला आम्ही आहोत."

"आत जाताना पाहिलं?"

"सूट घालून माणूस काय पाय मोकळे करायला जातो?"

स्वतःच्या विनोदावर गटनेते हसले, हसता हसता खोकले, आणि त्या खोकल्याने दोघंही दचकली. त्यांनी घाईने मास्क वर केला.

आमदारबाईंनी हा प्रश्न मांडला होता तो एका शिंप्यामुळे. त्यांच्याच मतदारसंघातला म्हातारा. बायको मोठ्या दवाखान्यात, आणि हा रोज सकाळी डबा न घेता, कारण डबा घेत नाहीत, नुसताच फाटकाशी जाऊन उभा. त्याने फोनवर गाऱ्हाणं असं घातलंच नव्हतं. "ताई, तिला ऐकू येत नाही हो," एवढंच म्हणाला होता. "ओठ बघून समजून घेते. आता तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली. कोण काय बोलतंय तिला कळतच नसणार. घाबरली असेल. मी नुसता समोर दिसलो तरी पुरे."

बाईंनी दवाखान्यात फोन केला, वर केला, त्याच्याही वर केला. सगळीकडे एकच उत्तर : नियम आहे. बाजार उघडले होते, कचेऱ्या उघडल्या होत्या, बसगाड्या माणसं भरभरून धावत होत्या. वॉर्डाचं दार तेवढं बंद होतं.

सभागृहाकडे जाणाऱ्या लांब मार्गिकेच्या टोकाला एक खिडकी होती. तिथे आरोग्यमंत्री एकटेच उभे होते. मास्क एका कानाला लोंबत होता आणि ते तोंड किंचित उघडं ठेवून हवा घेत होते, बऱ्याच वेळाने पाण्याबाहेर डोकं काढल्यासारखे. बाईंना पाहून त्यांनी मास्क लावला.

"या. आज तुमचा पहिलाच प्रश्न ना?"

"हो." बाई थोड्या अंतरावर थांबल्या. "दादा, मावशींना भेटायला यायचं राहूनच गेलं."

'दादा' म्हटल्यावर मंत्र्यांचे खांदे जरा खाली आले. दोघं एकाच गल्लीत वाढलेली. गल्लीतल्या मुलींना दादांच्या आईने, म्हणजे मावशीने, नदीत नेऊन पोहायला शिकवलं होतं, कोणी रडलं की ती म्हणायची, "रड खुशाल, पण पाय मारत रड." पुढे दोघांचे पक्ष वेगळे झाले. निवडणुकीत एकमेकांवर बोलायचं तेवढं बोलून झालं. मावशी मात्र दोघांची भाषणं ऐकायची आणि दोघांनाही नावं ठेवायची.

"कोणालाच येता आलं नाही," मंत्री म्हणाले.

"तुम्हाला?"

त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "अच्छा. म्हणजे आज ते काढणार आहात."

"मी तुम्हाला विचारतेय. इथे. खरं काय ते."

मंत्री खिडकीच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले. बोलले ते बोटाकडे बघतच.

"सूट घातला होता मी. दवाखान्यातल्यांनीच आणून दिला, म्हणाले, साहेब, तुम्ही जाऊन या, कोण विचारतंय. फाटकातून आत येताना एक माणूस पुढे आला. त्याला वाटलं मी जाणारच. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसतं म्हणाला, साहेब, आत जाताय तर माझ्या भावाला पण बघून या. खिडकीजवळची खाट आहे. त्याला म्हणावं, मी बाहेरच आहे."

"मग?"

"मग काय. दारापर्यंत गेलो. दाराला काच आहे. आई पार पलीकडच्या बाजूला, दिसतसुद्धा नव्हती. हात दारावर ठेवला आणि काढला. आलो परत. तो माणूस फाटकाशीच होता. त्याला सांगितलं, मलाही सोडलं नाही."

लांब कुठेतरी खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"हे सांगा की सभागृहात," बाई म्हणाल्या. "तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"आईच्या नावावर टाळ्या घेऊ? नको. तूही सांगू नकोस."

"बरं. मग नियम तरी काढून टाका. एक माणूस, सूट घालून, थोडा वेळ. तुमचेच डॉक्टर म्हणतात, काही बिघडणार नाही."

"म्हणतात ना." मंत्री पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. "समजा काढला. उद्यापासून माणसं आत जायला लागली, भेटून आली, आणि खरंच काही बिघडलं नाही. मग?"

"मग बरंच झालं की."

"मग मी त्या दारावरून परत का आलो गं?"

घंटा वाजायला लागली. मंत्र्यांनी सदरा खाली ओढला, मास्कची पट्टी नाकावर दाबली आणि ते चालू लागले. बाई तिथेच उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, दाराआड एक निगरगट्ट माणूस बसलाय. त्याच्यावर चिडायला सोपं होतं.

सभागृहात एक खुर्ची सोडून एक माणूस बसला होता. मधल्या रिकाम्या खुर्च्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या. त्यातल्या दोन-तीन खुर्च्यांवर फुली नसती तरी आता कोणी बसणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तिकडे बघत नव्हतं.

प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले आणि छापील उत्तर वाचू लागले. साथीच्या वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नाकारला जातो, हे खरे आहे काय? होय. यामुळे रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? नाही. असल्यास, शासन कोणती उपाययोजना करणार आहे? प्रश्न उद्भवत नाही.

'प्रश्न उद्भवत नाही' हे शब्द बाईंनी आजवर शेकडो वेळा ऐकले होते. आज ते ऐकताना त्यांना शिंप्याची बायको दिसली. न पाहिलेली बाई, झाकलेल्या तोंडांकडे एकामागून एक बघणारी.

उपप्रश्नासाठी त्या उठल्या. पलीकडून गटनेत्यांनी मान हलवून खूण केली.

"अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या, "सूट घालून डॉक्टर आत जातात, परिचारिका जातात, झाडणारे जातात. तोच सूट घालून घरचा एक माणूस थोडा वेळ आत गेला, तर काय होईल, एवढंच मला विचारायचं आहे."

"तज्ज्ञांच्या समितीने..." मंत्र्यांनी सुरुवात केली.

त्यांना पुढे बोलू दिलं गेलं नाही. बाई बोलत नाहीत हे पाहून गटनेते स्वतःच उठले होते. "तुम्ही गेला होतात ना आत? आई गेली तेव्हा? तेव्हा कुठे होती समिती?"

मागून बाक वाजले. "लोकांना कुलूप, साहेबांना किल्ली!" कोणीतरी आधीच जुळवून आणलेलं वाक्य फेकलं. समोरचे सदस्यही उभे राहिले. अध्यक्ष खाली बसा, खाली बसा म्हणत राहिले. त्या सगळ्या गलक्यात मंत्री हातातला कागद धरून उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते कोणाकडेही बघत नव्हते.

बाई अजून खाली बसल्या नव्हत्या. त्यांनी माइक पुढे ओढला.

"ते आत गेले नाहीत."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण तो आपल्याच बाजूने आल्यामुळे मागचे बाक आधी थांबले, मग समोरचे.

"मला माहीत आहे. ते दारापर्यंत गेले आणि परत आले." गटनेत्यांची नजर त्यांना गालावर जाणवत होती. "त्यांनी आत जायला हवं होतं. अध्यक्ष महोदय, माझा प्रश्न तोच आहे. शासनाने त्यांना का जाऊ दिलं नाही?"

कोणीतरी हसलं, आणि सोबत कोणी हसत नाही म्हणून थांबलं. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं.

मंत्र्यांनी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. एकदा बाईंकडे, एकदा अध्यक्षांकडे बघून ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, हा प्रश्न राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे." आणि ते बसले. बसताना त्यांनी खुर्चीचा हात चाचपून धरला.

प्रश्न राखून ठेवण्यात आला.

बाहेर आल्यावर गटनेते एवढंच म्हणाले, "बाई, घोडा आपण आणायचा आणि वरात त्यांची काढायची, असं झालं हे. वर कळवावं लागेल." बाई बरं म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

चार-दोन दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी आदेश निघाला. भाषण नाही, पत्रकार परिषद नाही. घरचं एक माणूस, सूट घालून, डॉक्टरांच्या परवानगीने. बाई शिंप्याला फोन करायला गेल्या तर तो आधीच फाटकाशी होता, आणि आत जायच्या रांगेत उभा होता.

संध्याकाळी बाई घरी ओट्याशी उभ्या राहून चहाचा कप विसळत असताना फोन वाजला. पलीकडे मंत्री होते. त्यांनी आदेशाचं काहीच काढलं नाही.

"तुमच्याकडचं कोणी गेलं का आज आत?"

"गेले ना. एक शिंपी आहेत, त्यांची बायको." बाईंनी हात पुसले. "मघाशीच त्यांचा फोन आला होता."

"भेट झाली?"

"झाली. पण तिने आधी ओळखलंच नाही, त्या सूटमध्ये. मग त्यांनी आपली मान हलवली, कशीतरी हलवतात म्हणे, आणि तिला कळलं."

"मग?"

"मग रागावली. म्हणाली, किती ढगळ शिवलंय हे, शिंप्याने असलं घालून यावं का? ते म्हणतात, मी काय बोलणार, तोंड झाकलेलं. तीच बोलत होती. घरी शेजारणीची झाडं आहेत, त्यांना पाणी घाला म्हणाली. आणि तुम्ही वाळलात म्हणाली."

फोन कट झाला असं वाटून बाईंनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

"आहे मी," मंत्री म्हणाले. "आणखी काय म्हणाली?"

शिंप्याने सांगितलं होतं ते इथे संपत होतं. बाईंनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आणखी," त्या म्हणाल्या, "त्यांचा हात धरून ठेवला होता तिने. सोडतच नव्हती. म्हणाली, रोज खाली उभे असता ना, मला माहीत होतं."

"माहीत होतं तिला?"

"हो दादा," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून." आणि त्या पुढे सांगत राहिल्या.