ज्या दिवशी मी शिट्टी दिली नाही

मी कुकर बोलतोय. बुलढाण्यातल्या शकुंतलाबाईंच्या ओट्यावरचा. बुडाशी जरा बसलेला, दांडा दोनदा बदललेला, पण झाकण अजून घट्ट.

मधुवंती शिकायला म्हणून लहानपणीच लांब गेली, ती दिल्लीहून कायमची आता परतली. शकुंतलाबाईंची ही एकुलती एक. तिला वाटलं होतं, आई पदर खोचून ओट्याशी उभी असेल, एका हातानं पोळी उलटत असेल, आणि बॅग खाली टेकायच्या आत विचारेल, "आधी जेवते का आंघोळ करते?" आई ओट्याशी उभी होतीच. पण माझं झाकण हातात धरून ती खिडकीबाहेर बघत होती. पोळी तव्यावर काळी पडत होती. आणि उंबऱ्यावर बाबा पेपर वाचत बसले होते. अनंतराव, निवृत्त कारकून. पाणी प्यायलासुद्धा कधी स्वयंपाकघरात न आलेला माणूस.

"बाबा, तुम्ही इथे?"

"इथी हवा चांगली येते," अनंतराव म्हणाले, आणि उठून त्यांनी गॅस बारीक केला.

हवा नव्हती येत. मला माहीत होतं ते का बसतात.

मी या घरात आलो तेव्हा मधुवंती रांगत होती. शकुंतलाबाईंनी मला बाजारात तीन दुकानं हिंडून, झाकण उघडून लावून बघून निवडलं. तेव्हापासून या घराचा दिवस माझ्यावर चालायचा. पहिली शिट्टी झाली की मधुवंतीची वेणी, दुसरीला अनंतरावांची आंघोळ, तिसरीला गॅस बंद. शकुंतलाबाई अंगणात असोत, शेजारणीशी भांडत असोत, त्यांचा एक कान माझ्याकडे असायचा. माणसं म्हणतात बायकांना घड्याळ लागत नाही. त्यांना मी होतो.

मग कधीतरी तो कान हरवला. एकदम नाही. एक दिवस शिट्ट्या होतच राहिल्या आणि शकुंतलाबाई माझ्यासमोर उभ्या राहून विचारत होत्या, "कोणाचा कुकर आहे हा?" मी आणखी जोरात ओरडलो. मला दुसरं येतं काय?

त्या दिवशी भिंतीपलीकडून शेजारच्या गोजरबाई ओरडल्या, "शकू, तीन झाल्या व! का वरणाचा हलवा करून राह्यली?" शकुंतलाबाई हसल्या, गॅस बंद केला. तेव्हापासून गोजरबाईंनी तो रोजचाच विनोद करून टाकला. आळीला वाटायचं, दोघींची थट्टा चालते. अनंतराव उंबऱ्यावर बसू लागले ते तेव्हापासूनच. अनंतराव आणि गोजरबाई एकमेकांशी कधी याबद्दल बोलल्याचं मी ऐकलं नाही.

आणि शकुंतलाबाई? त्यांचं डोकं विसरायचं, हात विसरत नसे. उजवा हात न बघता खिडकीजवळच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर जायचा, त्यात तूरडाळ. खाली तुपाच्या पिवळ्या डब्यात तांदूळ. माझी शिट्टी खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला. बोलता बोलता शब्द सापडत नसला तरी डाळ सापडायची.

मधुवंतीला यातलं काही कोणी सांगितलं नाही. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. पुढच्या खोलीत तिला मुलांसाठी छंदघर काढायचं होतं. मातीकाम, कागदकाम, पानाफुलांचे रंग. शाळेतून आल्यावर फोन घेऊन कोपऱ्यात बसणारी आळीतली पोरं तिला बघवत नव्हती. बोलायला लागली की तिचे डोळे चमकत. आणि आईही तिला बघवत नव्हती. "बाबा, या स्वयंपाकघरानंच आईला थकवलंय," ती म्हणाली. "पन्नास गंजके डबे, कशात काय आहे पत्ता नाही. तिला किती त्रास होत असेल!"

अनंतरावांनी तोंड उघडलं. मग पेपर उलगडला.

धाड गावी शकुंतलाबाईंच्या भावाच्या नातवाचं बारसं निघालं. नवरा-बायको सकाळच्या एसटीनं गेले, आणि मधुवंतीनं ओढणी कमरेला बांधली.

तिनं किती जीव ओतला त्या दिवशी! फळ्या धुतल्या, जाळी काढली, काचेच्या सारख्या बरण्या मांडल्या, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात नाव लिहिलं. रोजचं खाली, कधीतरीचं वर. माझी शिट्टी खिळ्यावरून काढून घासली आणि खणात, चमच्यांच्या बाजूला, छोट्या पेटीत ठेवली. खिळाही उपटला, चौकट खराब दिसते म्हणून. दारावरून भंगारवाला गेला तेव्हा डब्यांचं पोतं त्याच्या गाडीवर चढलं. बिस्किटांचा डबा सगळ्यात वर होता. मी ओट्यावर पालथा पडून बघत होतो. पोटात वाफ असल्याशिवाय मला आवाज नाही, आणि वाफ माझी मला करता येत नाही.

संध्याकाळी शकुंतलाबाई दारात थबकल्या.

"कसं वाटतंय, आई?"

"लई छान," त्या म्हणाल्या. परक्या घरी पाहुणे म्हणतात तसं.

अनंतराव मागे उभे होते. त्यांच्या तोंडाचा रंग उतरला होता.

दुसऱ्या दिवशी छंदघर सुरू झालं. पोरं आली, मातीच्या परातीभोवती बसली. अनंतराव आपले उंबऱ्यावर पेपर घेऊन. मधुवंती हसून म्हणाली, "बाबा, आईच्या पायात कशाला बसता रोज? जा, जरा मोकळे फिरून या." ते उठले, बसले, पुन्हा उठले. लेकीला काय सांगावं हे न सुचून चपला घालून गेले. मग मधुवंतीनं पोरांच्या गोंगाटाचा आईला त्रास नको म्हणून मधलं दार ओढून घेतलं.

शकुंतलाबाईंनी मला गॅसवर ठेवलं. डाळ मिळाली, बऱ्याच वेळानं. तांदूळ मिळाले. झाकण लावलं. मग हात खिडकीच्या चौकटीकडे गेला. भिंत चाचपली. पुन्हा चाचपली. एक खण उघडला, दुसरा उघडला, बरण्यांची झाकणं काढली, पोह्यांत हात घातला, साखरेत घातला. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आपण काय शोधतोय हेच त्यांना आठवत नाहीये. तरी हात थांबत नव्हते.

माझ्या तोंडातून वाफ नुसती निघून जात होती. शिट्टी डोक्यावर नसेल तर मी काय, एक पातेलं. पाणी आटलं. बूड तापून लाल व्हायला आलं. आतली डाळ करपली, रबर वितळू लागलं. धूर झाला. शकुंतलाबाई धुरात उभ्या, पदराचं टोक जाळाच्या अगदी जवळ, आणि मी मुका.

मागचं दार ढकलून गोजरबाई आल्या. त्यांनी गॅस बंद केला, शकुंतलाबाईंना ओढून मागे घेतलं आणि मधलं दार उघडून ओरडल्या, "मधुवंते, शिट्टी काऊन नाही झाली आज? कधीची कान लावून बसली मी!"

मधुवंती मातीच्या हातांनी धावत आली. ओट्यावर पोहे, साखर, मीठ एकत्र सांडलेलं. त्यात उभी असलेली आई म्हणाली, "मी काही केलं नाही." लहान मूल म्हणतं तसं.

पोरं घरी गेली. अनंतराव आले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं तुम्ही?" मधुवंती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. औरंगाबादेलेही नेलं. गोळ्या चालू आहेत. हे वाढतच जाते म्हणे."

"मग मला का नाही..."

"सांगितलं असतं त तू तिच्याकडं अशी पाहात राह्यली असती," अनंतराव म्हणाले. "जशी आता पाहून राह्यली. तिले ते कळते पोरी. तेवढं अजून कळते."

मधुवंतीनं नजर खाली घातली.

मग तिनं सगळं पूर्वीसारखं लावायला घेतलं. पण पूर्वीसारखं म्हणजे कसं? "आई, तूरडाळ कुठे असायची गं?" शकुंतलाबाईंनी खूप आठवून पाहिलं. त्यांच्या हाताला विचारायला हवं होतं, आणि हाताला बोलता येत नव्हतं. "बाबा, तुम्ही तर रोज इथे बसायचात."

"मले फक्त गॅसचं बटण माहीत आहे," अनंतराव म्हणाले.

घरात एकालाच सगळं पाठ होतं. खिळा चौकटीत कोणत्या बाजूला होता, गुळाचा डबा कुठे, हिंगाची डबी कशामागं. तो मी. करपलेला, मोरीत भिजत पडलेला. त्या संध्याकाळी मला एकदा, फक्त एकदा, माणसासारखं बोलता आलं असतं तर!

गोजरबाई म्हणाल्या, "आता डबा लावा बाप्पा. तिले चुलीपाशी येऊ देऊ नका." अनंतरावांनी मान हलवली. मधुवंतीनंही. लगेच एका डबेवालीला फोन झाला, उद्यापासून या म्हणून. शकुंतलाबाई पलीकडे बसून ऐकत होत्या. आपल्या रिकाम्या तळहातांकडे बघत राहिल्या.

सकाळी मधुवंतीनं सगळ्या बरण्या फळ्यांवरून उतरवून जमिनीवर मांडल्या. आईला मध्ये बसवलं.

"आई, तू लाव आता. तुला हवं तसं."

"मले काऊन? तुझं चांगलं होतं की."

"ते माझं होतं."

शकुंतलाबाईंनी बराच वेळ एकही बरणी उचलली नाही. मग तांदळाची उचलली. मग डाळीची. तिखट पोह्यांशेजारी गेलं, चहापत्ती देवाच्या तेलाजवळ. मधुवंतीचा हात एकदा सरळ करायला पुढे झाला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

शेवटी त्यांनी मला उचललं. काळं बूड अंगठ्यानं घासून पाहिलं.

"याचं मले भेव लागते आता," त्या म्हणाल्या. "हे वर टाक."

इतकी वर्षं ज्यांच्यासाठी गळा काढला, त्यांच्या तोंडून हे ऐकलं. वाईट वाटलं. पण त्यांचं बरोबर होतं.

मी आता माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळलेला. तुमच्याही घरात कोणी हातात झाकण धरून उगाच उभं राहत असेल. त्यांची घाई करू नका. आणि त्यांचे डबे हलवण्याआधी, ते डोळे मिटून कुठं हात घालतात तेवढं बघून ठेवा. तुमच्या घरातला कुकर तुम्हाला सांगू शकणार नाही.

त्या सकाळी मला वर ठेवून मधुवंती स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, "बाबा, डबेवालीला फोन करून नको म्हणा."

"अन् पुन्हा झालं त?"

"होईलच. मी इथे असेन."

"अन् तुझं छंदघर?"

"पोरांना दुपारी बोलावते. सकाळ आईची." तिनं एक मोठं पातेलं पुसून ओट्यावर ठेवलं, लायटर आईच्या हातात दिला, आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसली.