मिटण्याचा आवाज

चुंबक शर्टाच्या बटणाएवढा, पण बटणाहून पातळ. चिमट्यातून निसटला तो थेट टेबलाच्या लोखंडी कडेला जाऊन असा बसला की नखानं ओरबाडूनही सुटेना. त्यानं नखाकडे पाहिलं. नखाखाली डिंक होता, कालचा... नाही, काल सुट्टी होती, परवाचा. काल त्यानं हात स्वच्छ धुतले होते. काल साहेब घरी येणार होते.

सात महिने तो या कव्हरच्या मागे होता. टॅबलेटचं कव्हर – वहीसारखं उघडणारं, झाकण मागे दुमडलं की टॅबलेट उभा राहणारं, आतून मऊ अस्तर, कडेला दुहेरी शिवण – आणि आता सगळं जमलं होतं, उरलं होतं फक्त झाकण मिटतानाचं. सकाळी साहेब नमुन्यांच्या खोलीत आत न येताच दारातून म्हणाले, "काल तुमच्या घरी ऐकला ना, तोच आवाज पाहिजे. टक्. विषय संपला! त्या आवाजावरच माल खपेल बघा." आणि हसत पुढे गेले.

तोच आवाज. तो आज दिवसभर तोच आवाज शोधणार होता. एक चुंबक बसवायचा, झाकण मिटायचं, कान द्यायचा, काढायचा, दुसरा बसवायचा. पहिला नमुना घरी होता, ताईच्या टॅबलेटवर. तो काढून आणला असता तर काम दहा मिनिटांचं होतं. पण तो कुठल्या तोंडानं मागणार?

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं तिनं, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला तिनं नाव पुकारलं की त्या टोकाचं पोरगं भिंतीवरून उतरायचं. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ती टॅबलेटवर टाइप करते आणि आतली एक बाई ते बोलून दाखवते. ती बाई 'चांगलं'मधला च 'चिमणी'तल्यासारखा म्हणते, 'जवळ'मधला ज 'जिभे'तल्यासारखा, आणि ताईला त्याचं भारी हसू यायचं. तिनं तिचं नाव भाडेकरीण ठेवलं होतं. 'घर माझं, पण बडबड हिची,' असं तिनं पहिल्याच आठवड्यात टाइप केलं आणि भाडेकरणीकडूनच वदवून घेतलं. हसताना ताईच्या गळ्यातून नुसती हवा यायची, फुस्स अशी... त्याला ती सवय व्हायला वर्ष लागलं. झाली का पण सवय?

टॅबलेट दोनदा तिच्या हातातून पडला, म्हणून तर हे कव्हर. पहिला नमुना तिच्या हाताच्या मापानं बेतला होता. झाकणात चुंबक – झाकण मिटलं की पडदा झोपतो, उघडलं की जागा होतो. पडदा झोपला की भाडेकरीणही गप्प. हे त्याला ठाऊक होतं. त्यानंच तर ते तसं केलं होतं.

"हा घट्ट लागतोय," शिवणकामाच्या मावशी म्हणाल्या. त्या पलीकडच्या मशीनवर अस्तर शिवत होत्या आणि मघापासून प्रत्येक टक् ऐकत होत्या. "आणि हा मेला वाजतच नाही. तुमच्या ताईंच्याचा बरा होता. आवडलं का हो त्यांना?"

"खूप," तो म्हणाला. "हातातून सोडतच नाही."

मावशी खूश झाल्या. त्या कव्हरची शिवण त्यांची होती. खोटं बोलताना त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा लागला, आणि कान मात्र तापले.

काल दुपारी साहेब आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. ताईनं इस्त्रीची साडी नेसली होती, गळ्याशी रुमाल नीट बांधला होता. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "तुमचे भाऊ लहानपणी कसे होते हो?" – तसं काही विचारायचं म्हणून विचारलं त्यांनी – आणि ताईचा चेहरा उजळला. कोणी तिला हल्ली काही विचारत नाही. लोक तिच्यासमोर त्याला विचारतात, ताई कशा आहेत म्हणून. तिनं टाइप केलं. भाडेकरीण म्हणाली, "लहानपणी हा फार रडका होता." सगळे हसले. तोही हसला. मग ताई पुन्हा टाइप करू लागली. "एकदा शाळेत हा..." एवढं भाडेकरीण बोलली आणि थांबली, कारण ताईचं बोट थांबलं होतं, ती अक्षर शोधत होती. चुकलं, खोडलं, पुन्हा. साहेबांनी कपातला शेवटचा घोट घेतला. बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, वाळत घातलेल्या कपड्यासारखं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

आणि त्यानं हात पुढे केला. हसतच. "ताई, चहा निवतोय तुझा," असं म्हणत झाकण मिटलं. टक्.

"वा!" साहेब म्हणाले. "काय बंद होतंय हो!"

ताईनं कप उचलला. चहा प्यायली. झाकण तिनं परत उघडलं नाही, पाहुणे जाईपर्यंत नाही, आणि गेल्यावरही नाही.

सकाळपासून तो स्वतःला समजावत होता की गोष्ट ती भाषणाचीच असणार. सात वर्षांचा असताना तो शाळेच्या मंचावर भाषण विसरला होता, उभ्या उभ्या चड्डी ओली झाली होती, आणि ताईनं धावत येऊन त्याला आपल्या पदराआड घेऊन खाली नेलं होतं. साहेबांसमोर ते कशाला? कुणीही थांबवलंच असतं. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला काही अब्रू असते... अकरावा चुंबक बसवताना हे सगळं अगदी पटण्यासारखं वाटलं. बाराव्याला त्यातली हवा गेली. कारण गोष्टीचं भय त्या क्षणी मनात आलंच नव्हतं. ते नंतर शोधलं होतं, रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताईच्या समोर मान खाली घालून बसल्यावर. त्या क्षणी मनात होतं ते एवढंच – किती वेळ लावते ही. लोक बघताहेत. मला लाज वाटली. तिची. तिच्या त्या एका बोटाची, गळ्याच्या रुमालाची, फुस्स आवाजाची, जिनं मला अंगाखांद्यावर वाढवलं तिची मला चारचौघांत लाज वाटली, आणि ती तिला कळली. अठ्ठावीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांचे चेहरे वाचलेली बाई. तिला नाही कळणार?

टक्.

मावशींनी मशीन थांबवलं. "हाच!" त्या म्हणाल्या. "हाच की नाही?"

हाच होता. त्यानं पुन्हा मिटून पाहिलं, पुन्हा, चार वेळा, आणि चारही वेळा डोळ्यांसमोर ताईचा हात कपाकडे गेला. साहेबांना बोलावलं. साहेबांनी कान लावून ऐकलं, त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "मानलं तुम्हाला." त्यानं चुंबकाचं माप कागदावर लिहिलं, खाली सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ताई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. टॅबलेट समोर उभा. झाकण पुरतं मागे दुमडलेलं, आणि ते तसंच राहावं म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला. निळा. तो चिमट्याकडे बघतोय हे तिनं पाहिलं, आणि टाइप केलं.

"वाऱ्यानं मिटतं," भाडेकरीण म्हणाली.

खिडकी बंद होती. पंखाही बंद होता.

खांद्यावरची पिशवी न उतरवताच तो समोर बसला. दिवसभर घोकलेलं एक वाक्य होतं, माझं चुकलं असं सरळ. ते ओठापर्यंत आलं आणि भलतंच होऊन बाहेर पडलं. "काल काय सांगत होतीस गं तू? शाळेतलं?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग एका बोटानं सुरू केलं. मध्ये थांबली, खोडलं, पुन्हा लिहिलं. तो हलला नाही.

"एकदा शाळेत हा एका दांडग्या मुलाशी भांडला," भाडेकरीण म्हणाली. "तो मुलगा माझ्या आवाजाची नक्कल करायचा. यानं त्याला खाली पाडलं. याचा दात तुटला तो तेव्हा."

त्याची जीभ आपोआप वरच्या दातांशी गेली. पुढचा एक दात अर्धा आहे खरा. पण तो झोपाळ्यावरून पडून... घरात तसंच सांगितलं जायचं. कोण सांगायचं? ताईच. आईला कळू नये म्हणून तेव्हा तिनं झोपाळ्याची थाप मारली होती, की आज त्याला तोंड वर करता यावं म्हणून तिनं ही मारामारी रचली? मैदान आठवत होतं, झोपाळा आठवत होता, तो कुठलाच दांडगा मुलगा आठवत नव्हता, कितीही ताण दिला तरी. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिला चेहरे वाचता येत. त्याला ते कधी जमलंच नव्हतं.

विचारायचं होतं, खरंच का गं असं झालं होतं? ओठ उघडले आणि ध्यानात आलं की उत्तर 'नाही' यावं असं आपल्याला वाटतंय. खोटं असू दे. खोटं असेल तर ती मोठ्या मनाची, एवढंच. ते सोसता येईल, तिचा मोठेपणा आजवर सोसला तसा. पण खरं असेल तर – तर कधीकाळी तिच्या आवाजासाठी दात पाडून घेणारं कुणीतरी या अंगात राहत होतं, आणि ते कधी निघून गेलं याचा मला पत्ताही नाही.

ताईनं पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं होतं. पडदा तिच्याकडे होता. वाकलं असतं तर वाचता आलं असतं. तो ताठ बसून राहिला, पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता, आणि तिचं बोट एकेका अक्षरावर थांबत, हुकत, पुढे सरकत होतं.