बाबांचं परवा

पेट्रोल भरून होईस्तोवर धाकटी पाय मोकळे करायला उतरली आणि तिथंच घोळ झाला. पंपाच्या भिंतीआड दादा फोनवर बोलत होता. "हो, बाबांचं परवा ठरलंय," एवढं एकच वाक्य वाऱ्यानं तिच्या कानात आणून टाकलं, आणि पुढचं सगळं तो वाराच खाऊन गेला.

आता आपल्या भाषेतलं हे परवा मोठं द्वाड. गेलेलंही परवा, यायचंही परवा. मागून हाक मारा, ओ देतं; पुढून मारा, तरी ओ देतं. बाबांचं ते दोन दिवसांपूर्वी ठरून बसलं होतं, की दोन दिवसांनी व्हायचं होतं?

ते म्हणजे काय, याचा अंदाज तिला होता. वर्षभर वहिनी आडून आडून सुचवत होती की बाबांचं विसरणं वाढलंय, ताडपत्रीच्या कारखान्यात दिवसभर मशीन चालवणारी तू एकटी कुठवर पुरणार, एखादा चांगला वृद्धाश्रम बघू या. धाकटी दर वेळी म्हणायची, माझं घर आहे तोवर बाबांना दुसरं घर नाही. वहिनी नर्स, हट्टी पेशंटची तिला सवय. ती विषय बदलायची आणि महिन्याभरानं पुन्हा काढायची.

गाडी निघाली. बाबा पुढच्या सीटवर. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस तो, दादाच्या प्रत्येक वळणाला त्यांचा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबायचा. गाडी हाकतोयस की गाढव, असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि गाढव बरं, ते उलट बोलत नाही, असं दादा दोन्ही वेळा म्हणाला. समुद्राकाठची ही सहल बाबांनीच मागितली होती. जन्मभर समुद्राच्या थांब्यापर्यंत बस नेली, पण दहा मिनिटांत वळवून परत. वाळूत पाऊल म्हणून ठेवलं नव्हतं.

मागे बसलेल्या धाकटीला मात्र आता जिकडेतिकडे खुणा दिसू लागल्या. बाबांची बॅग वेगळी का? दोन रात्रींच्या मुक्कामाला आठ सदरे कशाला? औषधांच्या डब्यांवर वहिनीनं वार का लिहिलेत? तिनं सदऱ्यांचं विचारलं तर वहिनी म्हणाली, समुद्राची हवा दमट, कपडे वाळत नाहीत. हे खरंही असेल. खोटंही असेल. सरळ विचारावं तर उत्तर मिळेल, हीच भीती. प्रश्न ओठांशी यायचा, मागे सरायचा.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. आभाळ शाईच्या दौतीसारखं. दादाला हवामान खात्यावर भरवसा नव्हता, वहिनीला दादावर नव्हता. तरी तंबू उभा राहिला. तंबू धाकटीनं स्वतः शिवलेला, कारखान्यातल्या पिवळ्या तुकड्यांचा, दुहेरी शिलाईचा. हत्तीनं ओढला तरी उसवणार नाही, असं ती म्हणाली होती.

तिसऱ्या प्रहरी वारा आला, आणि काय आला. वाळू उठली, पाणी उठलं, पाठोपाठ पाऊस आडवा आला. शिलाई कुठंच उसवली नाही, जमीनच सुटली. ओल्या वाळूतून खुंट्या दातासारख्या निखळल्या आणि तंबू उडाला. दादा त्याच्यावर पालथा पडला, वहिनी दादावर. सोड, धर, इकडे, तिकडे. कोण कोणाला काय सांगतंय कळेना. धाकटीनं एक दोर धरला, मागे पाहिलं, तर बाबा नव्हते.

दोर तिच्या हातून सुटला. ती पाण्याकडे धावली, मग झाडांकडे, मग पुन्हा पाण्याकडे. पिवळं फडफडताना दिसे, बाबांचा पांढरा सदरा दिसेना.

तेवढ्यात हॉर्न वाजला. दोन लांब, एक तोकडा. लांबवर गाडीचे दिवे लागले होते, आणि स्टिअरिंगवर बाबा होते.

सगळे भिजून चिंब आत शिरले. तंबूचा बोळा दादाच्या मांडीवर. बाबांनी एकेकाला मागे वळून मोजलं, आणि शेवटची गाडी आहे, नीट बसा, असं सांगितलं. गाडी वाऱ्यानं डुलत होती. दारं लागली होती आणि आत एकदम शांत होतं. त्या शांततेत धाकटीच्या तोंडून सुटलं, "दादा, बाबांचं परवा काय ठरलंय?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं काचेकडे. उत्तर पुढच्या सीटवरून आलं.

"ठरलं ते परवा. जायचं तेही परवा. इथूनच सरळ. जागा मीच बघितली, सही मीच केली. ह्या दोघांनी नुसतं नेलं."

तिला काही कळेना. रागावायला ती वर्षभर दादा-वहिनीसाठी शब्द साठवत आली होती. आता ते द्यायचे कोणाला? तिनं एवढंच विचारलं, की मला का नाही सांगितलं.

"तू शिवलेलं कोणाला उसवता येतं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. गेल्या महिन्यात ते तिचा डबा घेऊन निघाले. कारखान्यासमोरून चार वेळा गेले. चौथ्या वेळी ती स्वतः दाराशी उभी होती, हसली, डबा घेतला. ही बाई आपला डबा का घेतेय, हे त्यांना घरी पोचेपर्यंत उमगलं नव्हतं. "अजून माझं मला ठरवता येतंय, तोवर ठरवलं. पुढं तुला ठरवावं लागलं असतं. ते तुला जमलं नसतं."

तो दिवस तिला आठवत होता. बाबा फार अदबीनं बोलले होते. तिला वाटलं, थट्टा करतायत.

पाऊस टपावर थडथडत राहिला. शेवटी तिनं विचारलं, "किती लांब आहे?"

"आपल्या घरापासून अकरा थांबे."

"मग रोज येईन."

"रोज नको. रविवारी ये." त्यांनी हात मागे केला आणि तिच्या गालाला चिकटलेली वाळू पुसली. "आणि आलीस की आधी सांगत जा, मी कोण ते."

ती हो म्हणाली. वहिनीनं पाठीवर टॉवेल टाकला तरी ती विचारच करत होती, की त्या वाक्यातला मी तिचा होता की बाबांचा, ओळख तिनं स्वतःची सांगायची की त्यांना त्यांची.